कड्यावरचा फुकट्या

फळ संशोधन केंद्र, वरचं पठार
२८ मे १९८४

मामा,

नमस्कार. आधी तुमच्या गुडघ्याचं विचारायला हवं, पण आज तेवढा धीर नाही. रागाचं आधी लिहिते. कागद उरला तर गुडघ्याचं.

तुमच्या कागदखान्यामागच्या यांगताओच्या वेलीवरून आम्ही कलमं बांधली होती. त्या चाळीस वेली या महिन्यात पहिल्यांदा फुलल्या. मांडव पांढरा झाला. आमचे प्रमुख ओउयांगसाहेब जिल्ह्यातून दोन पाहुणे घेऊन आले आणि मांडवाखाली उभं राहून फोटो काढून घेतला. आज त्याच मांडवाखाली मी झाडू मारला. एकूण एक फूल गळलं. एकही फळ धरलं नाही.

कारण मला माहीत आहे. यांगताओत नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. पराग नराकडे, फळ मादीला. एवढं तर केंद्रात झाडू मारणाऱ्यालाही कळतं. पण १९८०च्या ऑक्टोबरात आम्ही तुमच्याकडे शिकेंगला आलो ते फळं बघायला. खुणेची चिंधी बांधली ती फळांनी वाकलेल्या वेलीला. ऑक्टोबरात नराच्या अंगावर काहीच नसतं, त्याला ओळखणार कसं? म्हणून नर आणले खालच्या खोऱ्यातल्या रोपवाटिकेतून. ते लवकर फुटतात आणि इथल्या उंचीवर एप्रिलच्या हिमाने त्यांच्या कळ्या जळून काळ्या पडतात. चाळीस नवऱ्या नटून बसल्या आणि वरात आलीच नाही.

आमची बाग तुमच्या ओढ्याइतक्याच उंचीवर आहे. तुमची वेल त्या वर्षी फळांनी लगडली होती, म्हणजे तिच्या आसपास, मधमाशी जाईल एवढ्या अंतरावर, तिच्याबरोबर फुलणारा नर असलाच पाहिजे. तो मला हवा आहे. मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, "मामा, इथे यांगताओच्या आणखी वेली आहेत का?" तुम्ही हौदात उतरून चौदा वर्षांचा चिखल घासत होता. मान वर न करता म्हणालात, "कामाच्या नाहीत."

का लपवलंत? साहेबांनी पुढच्या जूनपर्यंत मुदत दिली आहे. तोवर फळ दिसलं नाही तर बाग उपटायची आणि संत्री लावायची. संत्र्यांची रोपं त्यांनी सांगूनही ठेवली आहेत. चार वर्षं मी या मांडवाखाली राबले आहे.

गुडघ्याला आल्याचा शेक द्या.

आयुन


शिकेंग
९ जून १९८४

आयुन,

पत्र मिळालं. आल्याचा शेक सांगायला तुला केंद्रात नोकरी करावी लागली का?

लपवलं म्हणतेस. तुम्ही फळाची माणसं. फळ न देणारी वेल तुमच्या काय कामाची? ती माझ्या कामाची. सुट्ट्यांमध्ये याच हौदाकाठी वाढलीस, तुला हे सांगावं लागतंय याची मला लाज वाटते. बांबूचा लगदा नुसत्या पाण्यात सोडला तर ओले ताव एकमेकांना धरून बसतात. गड्डी दाबली की तिची वीट होते. यांगताओच्या फांद्या ठेचून भिजवल्या की चीक सुटतो. तो हौदात घातला की हजार तावांची गड्डी दाब, एकेक ताव अलगद सुटून येतो. हे पत्र तू सुटं करून वाचते आहेस ते त्या चिकामुळे.

फांद्या कोणाच्या घ्यायच्या याचा कागदखान्यात नियम आहे. फळवालीला हात लावायचा नाही, फुकट्याला कापायचं. फुकट्या म्हणजे जो ऊन खातो, पाणी पितो, मे महिन्यात पांढरी फुलं मिरवतो आणि देत काही नाही. माझ्या आजोबांनी कापले, बापाने कापले, मी कापतो. इथे पाच आहेत. चार ओढ्याकाठी, एक वर कड्यावर. दर हिवाळ्यात पाचही जमिनीपर्यंत उतरवतो. ही तुझी वरात. माझ्या हौदात भिजते आहे.

आता माझं ऐक. तुम्ही सात जण आलात, सातही जणांच्या हातात घड्याळं. हिवाळ्यात पुन्हा आलात ते करवती घेऊन. फळवालीच्या अर्ध्या फांद्या उतरवल्यात. मी म्हटलं, "पुरे आता." तुमचा तो चष्मेवाला म्हणाला, "काका, देशाचं काम आहे." तू शेजारी उभी होतीस. तू काही बोलली नाहीस.

त्या हिवाळ्यानंतर फळवालीने एक फळ दिलेलं नाही. फुलं येतात आणि गळून जातात. तुमच्या करवतीचा तिने धसका घेतला.

तुझी मामी गेली त्या वर्षी, ऑक्टोबरात, तिच्या घशाखाली भाताची पेजसुद्धा उतरत नव्हती. मला म्हणाली, "यांगताओ असेल तर बघा ना एखादं. कोंड्यात ठेवून मऊ झालेलं." मी वेलीखाली जाऊन उभा राहिलो. नुसती पानं होती. बाजारातून एक आणलं, ते दगडासारखं होतं. ते मऊ होईपर्यंत ती थांबली नाही.

तेव्हा तू रडत होतीस म्हणून बोललो नाही. आता तू रागावलेली आहेस, म्हणून सांगतो.

माओलिन मामा


वरचं पठार
२० जून १९८४

मामा,

पत्र तीनदा वाचलं. पुढे जे लिहिते ते तुम्हाला सोसणार नाही, पण लिहिते.

"फुलं येतात आणि गळून जातात." तुमचेच शब्द. माझ्या मांडवात हेच झालं. धसका घेतलेली वेल फुलत नाही, मामा. फुलून गळते ती पराग न मिळालेली वेल.

मेलेल्यांसाठी जाळायचा कागद म्हणजे अंधश्रद्धा असं ठरवून १९६६ साली तुमच्या हौदाला सील ठोकलं. चौदा वर्षं कागदखाना बंद. चौदा वर्षं कोणी फुकट्याला हात लावला नाही. ते पाचही दर मे महिन्यात फुलत राहिले आणि फळवाली दर ऑक्टोबरात वाकत राहिली. मी लहानपणी खाल्लेली सगळी यांगताओ त्या बंदीतली. मग १९८०मध्ये सील निघालं. त्या हिवाळ्यात आम्ही तिच्यावर एकदा करवत चालवली, हे खरं. त्याच हिवाळ्यात तुम्ही त्या पाचांवर कोयता चालवलात, आणि पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात. यांगताओचं फूल आदल्या वर्षीच्या फांदीतून फुटतं. जमिनीपर्यंत कापलेला नर उन्हाळ्यात पुन्हा वाढतो, पण फुलत नाही.

मामीला शेवटचं यांगताओ मिळालं नाही ते तुमच्या कोयत्यामुळे.

एक प्रश्न मलाही सुटलेला नाही. तुमचे वडीलही कापायचे म्हणता. मग त्यांच्या काळी फळवाली फळायची का? फळत असेल तर ते काय वेगळं करायचे?

मागच्या महिन्यात मी प्रांताच्या सभेला गेले होते. टेबलावर एक खोका होता, न्यूझीलंडहून आलेला. आत आपलं यांगताओ. सगळी एका मापाची, प्रत्येकावर चिकटवलेलं कागदाचं बोटभर लेबल. तिकडे त्याला किवी म्हणतात, तिथल्या कुठल्याशा पक्ष्यावरून. साहेबांनी सुरीने चकत्या केल्या आणि सगळ्यांनी एकेक तोंडात टाकली. एक म्हातारे प्राध्यापक म्हणाले, ऐंशी वर्षांपूर्वी यांगत्झेकाठच्या एका बंदरातून एक शाळामास्तरीण मूठभर बिया घेऊन तिकडे गेली. त्यातून तीन वेली वाढल्या. दोन माद्या, एक नर. तिकडचा सगळा धंदा त्या तीन वेलींवर उभा आहे.

ओउयांगसाहेब माझ्या कानात म्हणाले, "बघ. बाईमाणसाने बी नेलं आणि नशिबाने नर निघाला. तू शास्त्र शिकून गेलीस आणि चाळीस विधवा घेऊन आलीस."

मी ती चकती गिळली, मामा. चांगली होती. त्याचाच जास्त राग आला.

या हिवाळ्यात फुकट्यांना कापू नका. पाचही राहू द्या. मे महिन्यात मी येऊन फुलं नेईन आणि एकेका मादीला हाताने पराग लावीन. एवढ्या एका वर्षाचाच प्रश्न आहे.

आयुन


वरचं पठार
२ ऑक्टोबर १९८४

मामा,

तीन महिने झाले, उत्तर नाही. बसवाल्याकडून कळतं की तुम्ही धडधाकट आहात आणि बांबू भिजत घातला आहे. बांबू भिजत घातला म्हणजे पुढे चीक लागणार हे मला कळतं. इतकी विसरलेली नाही मी.

मामीबद्दलचं वाक्य मी त्या रीतीने लिहायला नको होतं. त्या एका वाक्याची माफी मागते. बाकीच्या पत्राची मागत नाही.

तुमचा एक हंगाम बुडेल हे मला समजतं. पण माझी बाग बुडाली तर ती कायमची बुडेल. मांडवाच्या खांबांवर कोणीतरी खडूने क्रमांक घातले आहेत, म्हणजे खांब कुठे हलवायचे ते आधीच ठरलं आहे. आज मी ओल्या फडक्याने सगळे पुसले. उद्या पुन्हा घालतील.

एक ओळ लिहा. "नाही" लिहायचं असेल तर तेच लिहा.

आयुन


शिकेंग
१८ डिसेंबर १९८४

आयुन,

एक ओळ मागितलीस. जास्त लिहितो.

मी ठरवलं होतं की या वर्षी कोयता लावायचा नाही. तुला कळवणार नव्हतो. तू माझ्या बायकोच्या मरणावर बोट ठेवलंस, तुला आनंदाची बातमी मी कशाला देऊ? पण ठरवलं होतं. मग दुकानातून मीठ आणलं. मीठ बांधलेला वर्तमानपत्राचा कागद मी कधी टाकत नाही, दुसऱ्याने कागद कसा केलाय ते बघतो. कागद भिकार होता. त्यावर तुझा ओउयांगसाहेब मांडवाखाली उभा. खाली छापलंय: "केंद्रप्रमुख ओउयांग यांनी निर्जन, बेवारस जंगलात शोधून काढलेली ८०-१७ ही जात." आणि त्याखाली अहवालावर सह्या करणाऱ्यांची नावं. तिसरं नाव ल्याव सूयुन, म्हणजे तू.

बेवारस.

माझ्या चुलीपासून ती वेल बावीस पावलांवर आहे. आज मोजली. त्या चुलीवरचा भात तू खाल्ला आहेस. तुझ्या मामीने त्या वेलीला मांडव घातला, बंदीच्या काळात, कागदखान्याचेच वासे वापरून. खाली बसून ती बूट शिवायची. निर्जन म्हणजे ती कोणी नव्हती का?

शेजारच्या गानला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "माओलिनदादा, तुम्ही जंगलात राहता हे आम्हाला माहीतच नव्हतं. लांडगे त्रास देत नाहीत ना?" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

मग बेवारस वेलीचे नवरेही बेवारस. काल कोयत्याला धार केली आणि ओढ्याकाठी उतरलो. हौद भरला आहे. चीक छान सुटलाय.

संत्री लावा. संत्र्यांना नवरा लागत नाही असं ऐकतो.

श्वाय माओलिन


वरचं पठार
६ जानेवारी १९८५

मामा,

सही माझी आहे. अक्षरही माझंच आहे. मी केंद्रात नवी होते, साडेचार महिने झाले होते. साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "घरामागची वेल असं लिहिलंस तर मालक आला, गावसमिती आली, दहा बैठका आल्या. जंगल लिही, मोकळी हो." मी म्हटलं, "ते माझ्या मामांचं घर आहे." ते म्हणाले, "मग तर नक्कीच जंगल लिही. नात्यातला माणूस मध्ये आला असं दिसायला नको." मी लिहिलं. तुमच्याकडे आले की दरवेळी सांगायचं ठरवून यायचे आणि न सांगता परत जायचे. मामी गेली तेव्हाही सांगायचं होतं.

हे माझं. माझ्याकडे लपवायला आता काही उरलेलं नाही.

पण तुम्ही काय केलंत ते बघा. राग होता साहेबांवर, राग होता माझ्यावर, आणि कापलंत कोणाला? मामीच्या वेलीलाच पुन्हा वांझ केलंत. पुढच्या ऑक्टोबरात तुम्ही पुन्हा तिच्याखाली जाऊन उभे राहाल आणि वर नुसती पानं असतील. या वेळी शिव्या द्यायला सात घड्याळवाले नसतील. तुम्ही एकटे असाल.

संत्र्यांची रोपं आली. केंद्राच्या भिंतीला टेकवून ठेवली आहेत. जूनपर्यंत मी रोज त्यांच्यावरून जाणार.

आता पत्र लिहू नका. मीही लिहिणार नाही.

सूयुन


शिकेंग
१२ मे १९८५

सूयुन,

हे पत्र नव्हे. टोपलीबरोबरची चिठ्ठी आहे. बसवाल्याला सांगितलंय, टोपली मांडीवर ठेवायची, इंजिनाजवळ नाही. ओल्या शेवाळात फुलं आहेत. फुकट्याची.

डिसेंबरात मी चार कापले. ओढ्याकाठचे. पाच असं मी लिहिलं नव्हतं, तू पाच वाचलंस. कड्यावरचा राहिला कारण गुडघ्याने चढू दिलं नाही. त्यात तुझ्यासाठी काही केलं असं समजू नकोस.

तू विचारलं होतंस, माझा बाप काय वेगळं करायचा. कड्यावरच्याला तो हात लावत नसे. आजोबाही नसत. बाप म्हणायचा, "चार आपले, वरचा डोंगराचा." मी पोरगा होतो, मला वाटायचं, म्हातारा चढायला घाबरतो आणि डोंगराचं नाव पुढे करतो. सील निघालं त्या वर्षी चौदा वर्षांची भूक होती. पहिल्याच हिवाळ्यात मी दोर बांधून वर चढलो आणि त्यालाही उतरवला. खाली येऊन तुझ्या मामीला म्हटलं, "बघ, बापाला जमलं नाही ते केलं." ती म्हणाली, "करून दाखवलंत खरं."

एवढंच. फुलं लवकर वापर.

माओलिन


वरचं पठार
१५ मे १९८५

मामा,

टोपली तेराच्या सकाळी पोचली. एकेक फूल घेऊन मादीच्या फुलांवर फिरवलं. नराच्या एका फुलात मादीची सहा फुलं होतात. चाळीसपैकी अकरा वेलींपर्यंत पोचले, मग फुलं संपली. उरलेल्या वेली पुन्हा गळताहेत आणि त्यांच्याकडे बघवत नाही. अकरा पुरतील का माहीत नाही. साहेब दोनदा येऊन बघून गेले. म्हणाले, "लग्न लावतेस का?" मी मान वर केली नाही. तुमच्याकडूनच शिकले ते.

पाठवलीत म्हणून माझा राग गेला असं समजू नका. चार नर कापलेलेच आहेत. ते असते तर चाळीसही झाल्या असत्या.

आणि एक. टोपलीतली सगळी फुलं अर्धी उमललेली होती, देठासकट नखाने खुडलेली. खाली पडलेलं एकही नव्हतं. डिसेंबरात जो गुडघा कड्यावर चढत नव्हता तो मे महिन्यात कसा चढला?

या वयात वर चढलात, तर खाली दोर कोणी धरला होता तेवढं कळवा.

आयुन


वरचं पठार
६ नोव्हेंबर १९८५

मामा,

दोराचं तुम्ही कळवलं नाहीत. बसवाल्याने सांगितलं. गानकाका खाली उभे होते आणि शिव्या घालत होते म्हणे.

अकरा वेलींना फळ धरलं. जूनमध्ये साहेब जिल्ह्यातल्या त्याच दोघांना घेऊन आले, अकरा वेलींखाली फोटो काढला आणि एकोणतीस वेलींकडे पाठ करून उभे राहिले. संत्री दुसऱ्या केंद्राला गेली. बाग राहिली. मागच्या आठवड्यात आम्ही फळं उतरवली. मी काही कोंड्यात ठेवली होती, मामी ठेवायची तशी. काल पहिलं कापलं. त्या खोक्यातल्या चकतीपेक्षा हे गोड आहे. हे मी भाची म्हणून सांगत नाही, केंद्रातल्या सगळ्यांनी डोळे मिटून खाऊन सांगितलं.

मग मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "अहवालातलं जंगल काढा आणि शिकेंग लिहा." ते म्हणाले, "छापून झालेलं बदलत नाही." मी म्हटलं, "मग पुढच्या मे महिन्यात फुलं तुम्हीच आणा, बेवारस जंगलातून." त्यांनी चहा पुढे केला. मी घेतला नाही. अहवाल बदलला नाही. ८०-१७ त्यांचीच राहिली, मामा. हे मला तुम्हाला सांगावं लागतंय याची चीड येते, पण खोटं पुन्हा लिहिणार नाही.

पण आता नराचीही नोंद करायची होती. मादीच्या नोंदीला प्रमुखांची सही लागते, वर्तमानपत्र लागतं. नराच्या नोंदीला कोणी विचारत नाही, त्याला फळच नाही. वही माझ्याकडे होती आणि नावाचा रकाना रिकामा होता. मी लिहिलं: "नर वेल माओलिन. मूळ ठिकाण: शिकेंग गाव, श्वाय माओलिन यांच्या कागदखान्यामागचा कडा. मादी ८०-१७ हिच्यापासून चाळीस पावलं." म्हणजे ८०-१७ कुठे उभी आहे तेही त्या वहीत आलं. साहेबांनी न वाचता शिक्का मारला.

या हिवाळ्यात माओलिनच्या फांद्या हव्यात. दर आठ माद्यांमागे एक माओलिन लावायचा आहे. पुढे ज्याला ८०-१७ हवी, त्याला माओलिनही न्यावाच लागेल. नाहीतर झाडू मारत बसावं लागेल.

आयुन


शिकेंग
१८ जानेवारी १९८६

आयुन,

तुझं पत्र पोस्टमनने गानसमोर दिलं आणि मी मूर्खासारखं मोठ्याने वाचलं. आता सगळ्या शिकेंगला माहीत झालंय. साठ वर्षं मी या हौदात हाडं झिजवली, आणि सरकारी वहीत माझं नाव फुकट्याला. फळ तुझ्या साहेबाचं, फुकट्या मी. गान म्हणतो, "दादा, तक्रार कसली करता? दर आठ बायकांमागे एक तुम्ही. या वयात कोणाला मिळतं?" हळद काढणाऱ्या बायका मला बघून तोंडावर हात धरतात. मी तुला कधी माफ करणार नाही, हे नोंदवहीत लिहून ठेव. रकाना रिकामा असेलच.

इथल्या फळवालीला या वेळी नऊ यांगताओ लागली. कड्यावरची फुलं तुझ्या टोपलीत भरली होती, तरी काही मधमाश्यांनी आधीच उचलली असणार. यातून अर्थ काढायला बसू नकोस, मी काढला आहे. सगळी कोंड्यात ठेवली. आठ मऊ झाल्यावर तुझ्या मामीच्या थडग्यावर नेऊन मांडली, कापून. उशीर झाला म्हणालो. नववं मी खाल्लं. गोड होतं. मग बराच वेळ उठवेना. गुडघ्यामुळे.

फांद्या पोस्टाने पाठवणार नाही. वाटेत सुकतील आणि तू मलाच बोल लावशील. स्वतः ये आणि कड्यावर स्वतः चढ. दोर मी धरतो. गानही येणार म्हणतो, शिव्या द्यायला. घड्याळ घालून येऊ नकोस आणि करवत आणू नकोस. कोयता इथे आहे, बरेच दिवस पडून आहे, धार तूच कर.

ओढ्याकाठच्या चौघांना या हिवाळ्यात हात लावला की नाही, ते मी लिहिणार नाही. ओढ्यापलीकडे एक काटेरी झाड आहे, त्याची पानं ठेचून हौदात घालून बघितली. चीक पातळ सुटतो. दहातले चार ताव फाटतात, उरलेले एकीकडे जाड आणि एकीकडे कांद्याच्या सालीसारखे. हा त्यातला बरा ताव आहे. उजेडासमोर धर म्हणजे कळेल. शेवटच्या चार ओळींत शाई फुटली आहे, ते मी बघतो आहे. वाचता आल्या नाहीत तर कोणामुळे, ते तुला माहीत आहे.

फुकट्या मामा